उसनी चाल

प्रणिता मांडी घालून बसली होती. समोर काठवट, कोपरापर्यंत पीठ, तळव्याखाली ज्वारीची भाकरी गरगर फिरतेय, आणि पाय मांडीत दुमडून गप्प. तिच्यापासून चार हातांवर, लाकडी खुर्चीत, तिची सासू नीलव्वा बसली होती. आणि नीलव्वाच्या पोटऱ्या जिना चढत होत्या.

चढत होत्या म्हणजे चढतच होत्या. खुर्चीतल्या बाईचे तळवे फरशीवरून हलत नव्हते, पण लुगड्याखाली आधी डावी पोटरी आवळत होती, मग उजवी, मग पुन्हा डावी. सपाटीवरची चाल हलकी असते. ही चाल जड होती, एकेका पायावर अंग तोलून वर उचलणारी. नीलव्वाची शाळा दुसरीत सुटली होती, पण मोजण्यात तिला अख्ख्या सोलापुरात कुणी फसवलं नव्हतं. तिनं मोजलं. बेचाळीस पायऱ्या वर. मग थोडी सपाटी. मग बेचाळीस खाली. मग पुन्हा सरळ रस्ता.

आणि मग पोटऱ्या थांबल्या. एका जागी, ताठ, दोन्ही पायांवर सारखा भार. कुणी दारात उभं आहे आणि पुढं जाववत नाही, तशा.

"प्रणिता," नीलव्वा म्हणाली, "कुठं गेली होतीस ग?"

प्रणितानं मान वर केली. "इथंच तर आहे, आत्या. सकाळपासून पाटावरनं उठले तरी का?"

"ते दिसतंय मला. डोळे अजून शाबूत आहेत."

पलीकडच्या चुलीवर कस्तुरा होती. वीस वर्षं ती नीलव्वाकडं भाकऱ्या थापत होती, त्यामुळं तिला बोलायची मुभा होती. "अव्वांना ऊन लागलं वाटतं," ती म्हणाली.

"मला ऊन लागत नाही. मीच उन्हाला लागते. तुझी भाकरी करपतेय, ती बघ."

बायका हसल्या. प्रणिता हसली नाही. तिनं भाकरी उचलली, तव्यावर टाकली, आणि लुगड्याखाली नीलव्वाच्या पोटऱ्या आल्या वाटेनं परत फिरल्या.

हे सुरू झालं आठ महिन्यांपूर्वी, डॉक्टर हुमनाबादकरांच्या दवाखान्यात.

नीलव्वाचं वजन तेव्हा एकशे चार किलो होतं. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा साडेनऊच्या वर. यकृतावर चरबीचा थर. हे सगळं मनगटावरच्या पट्टीनं परस्पर दवाखान्याला कळवलं होतं. त्या वर्षापासून पन्नाशीच्या पुढं प्रत्येकाच्या हातात ती पट्टी होती आणि नीलव्वा तिला सरकारनं बांधलेली नणंद म्हणायची.

"मावशी, तुम्ही चाललं पाहिजे," डॉक्टरबाई म्हणाल्या. वय पस्तिशीचं, नाकावर चष्मा.

"मावशी कशी? तुझ्या आईच्या आणि माझ्या पाटाला पाट कधी लागला? आणि चालायचं ते चालून झालंय माझं."

ते खोटं नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हापासून पंधरा वर्षं ती डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन सोलापूरभर हिंडली होती. गिरणीच्या दारात, चादरीच्या मागांवर, पेठेत. टाचांना भेगा पडून त्यांत डांबर भरेपर्यंत. मग पत्र्याची शेड झाली, बारा चुली झाल्या, हाताला काम मागायला बायका दारात आल्या, आणि मधोमध एक खुर्ची आली. त्या खुर्चीत बसणं हीच तिची मिळकत होती. पाटीवाली चालते, मालकीण बसते. एवढा साधा हिशोब डॉक्टर झालेल्या बाईला कळू नये, याचं तिला नवल वाटलं.

डॉक्टरबाई मात्र खमक्या होत्या. त्यांनी कागद बाजूला ठेवला.

"ऐका तर. रक्तातली साखर स्नायूच्या दारात येऊन उभी राहते. दाराला कुलूप असतं, आणि इन्सुलिन ही त्याची किल्ली. पोटाच्या आत, यकृतावर चरबी साचली की कुलपं गंजतात. किल्ली फिरत नाही, साखर रस्त्यावरच राहते. पण स्नायू कामाला लागला की तो आतून कडी काढतो. तेव्हा किल्लीची गरज लागत नाही. शिवाय राबणारा स्नायू मुका नसतो. तो रक्तातून निरोप धाडतो. यकृताला सांगतो, साठा मोकळा कर. चरबीला सांगतो, जळण पाठव. काट्यावर वजन उतरलं नाही, तरी आतलं घर सुधारतं."

"म्हणजे बारा जणींत एक मान खाली घालून थापायला लागली की बाकीच्या गप्पा सोडतात."

"तसंच."

"मग मला काय करायचं?"

"चालायचं."

"ते सोडून बोल."

डॉक्टरबाईंनी सुस्कारा टाकला आणि दुसरा कागद काढला. पोटरीत खोल एक चपटा स्नायू असतो. अंगाच्या मानानं एवढासा, पण दिवसभर राबला तरी दमत नाही, आणि जळण बहुतेक रक्तातूनच उचलतो. त्यात केसाएवढा धागा बसवायचा. मात्र धाग्यातून नुसती वीज सोडून भागत नाही; विजेनं सगळे तंतू एकदम उठतात आणि दहा मिनिटांत आडवे होतात. माणसाची नस त्यांना पाळीपाळीनं उठवते. ती पाळी कुठल्याही यंत्राला साधलेली नव्हती. ती जित्या माणसाकडूनच उसनी घ्यावी लागे. त्याच्याही पोटरीत तसाच धागा. पाऊल उचलण्याआधी त्याच्या नसेतून जो हुकूम खाली उतरतो, तो जसाच्या तसा, फोन पोचतो तिथपर्यंत, दुसऱ्याच्या पोटरीला पोचायचा.

"थोडक्यात, तो माणूस चालणार आणि तुम्ही बसणार."

"तो चालणार आणि मी बसणार," नीलव्वानं घोळवून म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा एक डॉक्टर तिला शहाणी वाटली.

चाल देणाऱ्यांची यादी दवाखान्याकडं होती. नीलव्वानं ती डाव्या हातानं बाजूला सारली. "कुठल्या कुणाचे पाय. काय तुडवून आले, कुठल्या उंबऱ्यावरनं आले, कुणाला ठाऊक. आमच्या घरात पाय आहेत."

घरात दोनच माणसं होती. नीलव्वाचा मुलगा राजशेखर तीन वर्षांपूर्वी हैदराबाद रस्त्यावर ट्रकखाली गेला, आणि त्याची बायको सासूजवळ राहिली. का राहिली हे कुणी विचारलं नव्हतं. प्रणिता खुर्चीमागं पिशवी धरून उभी होती. तिनं फरशीकडं बघितलं.

"चालेल," ती म्हणाली.

फॉर्म भरणाऱ्या मुलीनं विचारलं, "एकेरी की दुहेरी?"

"ते काय असतं?"

"दुहेरीत तुमच्या नसेचा हुकूमही त्यांच्याकडं जातो. दोघंही चालणारे असले तर घेतात. तुम्ही काय चालतच नाही, तर मी एकेरीच लिहिते."

नीलव्वाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "थांब. आमच्यात शेजारणीचं भांडं रिकामं परत जात नाही. ताक आलं तर चटणी घालून जातं. सुनेचे पाय फुकट वापरले असं उद्या गल्लीनं म्हणायला नको. दुहेरी लिही."

मुलीनं डॉक्टरबाईंकडं बघितलं. त्या फोनवर होत्या. नीलव्वानं शाई लावून अंगठा उठवला, चांगला दाबून.

पहिले दोन महिने ती चाल म्हणजे एक मौज होती. प्रणिता दळण घेऊन गिरणीत निघाली की नीलव्वाच्या पोटऱ्यांत झुळझुळ सुरू व्हायची. साखर उतरू लागली. तीन महिन्यांनी आकडा आठच्या खाली, सहा महिन्यांनी सातला टेकला. यकृतावरचा थर निम्मा झाला. वजन मात्र दोनच किलो घटलं, आणि नीलव्वानं काट्याला दवाखान्यातच शिव्या घातल्या. डॉक्टरबाई हसल्या. म्हणाल्या, काट्याला फक्त ओझं कळतं. आत काय चाललंय ते रक्त सांगतं.

हळूहळू नीलव्वाला चाल वाचता येऊ लागली. अक्षरं तिला कधी जमली नव्हती, ही मात्र जमली. पिठाची गिरणी आली की पावलं लांब पडत. भाजीवालीपाशी एक पाय पुढं, एक मागं, असा तिष्ठत उभा. देवळासमोर चप्पल काढताना डावा पाय आधी हलका व्हायचा. खुर्चीतून न हलता ती सुनेबरोबर गावभर हिंडत होती.

"मेडिकलवाल्याशी पाच मिनिटं काय बोलत होतीस?" दारात पाऊल पडायच्या आत ती विचारायची.

"रांग होती, आत्या."

"रांगेत माणूस पाय बदलतं. तू एका पायावर होतीस. हसत होतीस."

दुसऱ्या दिवसापासून मेडिकलसमोरून जाताना प्रणिताची पावलं भरभर पडू लागली. मग भाजीवालीपाशीही ती थांबेनाशी झाली. आणि आकडा जरा वर सरकला की नीलव्वा फर्मान काढायची: जा, पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन ये, जा, परत जाऊन ये. तीस वर्षांची बाई काही काम नसताना भर उन्हात टाकीला फेऱ्या मारायची आणि साठीची बाई सावलीत बसून बरी होत होती. गल्ली बघत होती. गल्लीला वाटायचं, सुनेचं डोकं फिरलंय.

त्यानंतर प्रणितानं चालणं कमी केलं. दळण विजेच्या गाडीवरून येऊ लागलं, भाजी दारात. ती दिवसभर पाटावर बसून थापायची. आणि तेव्हाच त्या बसल्या जागच्या चाली सुरू झाल्या. दाराबाहेर, डावीकडं, टाकी, बेचाळीस पायऱ्या वर, बेचाळीस खाली. अगदी बारीक, लांबून ऐकू आल्यासारख्या. कधी दिवसातून एकदा, कधी चारदा. समोर माणूस बसलेलं, हात कामात, डोळे तव्यावर, आणि पाय मात्र घर सोडून निघालेले.

नीलव्वानं फोन लावला.

"असं होतं काही जणांत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "चालायचं नुसतं मनात आणलं तरी नसेला थोडा हुकूम उतरतो. पाय हलण्याइतका नसतो, पण धागा फार तिखट कानाचा आहे. त्याला ऐकू येतो. काळजी करू नका, त्यानंही साखर थोडी जळतेच."

नीलव्वानं फोन ठेवला. साखरेचं तिच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. डावीकडं, टाकी, रेल्वेवरचा पादचारी पूल. पुलापलीकडं सरळ गेलं की एसटी स्टँड. जिथं पोटऱ्या थांबत होत्या, ते स्टँडचं फाटक होतं.

तिनं सुनेला पुन्हा काही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि तेच तिला नको होतं. मात्र त्या दिवसापासून चाल पुलाच्या शेवटच्या पायरीवर आली, की खुर्चीत बसल्या बसल्या तिचे दात आवळायचे आणि छातीत एकच शब्द उमटायचा: थांब. आणि चाल थांबायची. प्रत्येक वेळी. तिला बरं वाटायचं. म्हणायची, बघा, पोरीला मर्यादा आहे.

बुधवारी दुपारी प्रणिता गिरणीत जाऊन येते म्हणाली. पिशवी जरा मोठी होती. चाल खरी होती, दणदणीत: टाकी, पूल, पायऱ्या. फाटकाशी येऊन थांबली. नीलव्वानं श्वास सोडला. आता फिरेल. पण पोटऱ्या फिरल्या नाहीत, पुढंही गेल्या नाहीत. दोन्ही दगडासारख्या. पाच मिनिटं, दहा, वीस. मांडीपर्यंत गोळे आले. शेवटी फोन आला, कुणा अनोळखी बाईचा. तुमची सून फाटकात उभी आहे, गाड्यांना वाट देत नाही, म्हणते पाय उचलत नाहीत.

शेडमधल्या दोघी बायकांनी तिला रिक्षातून आणून पाटावर बसवलं. घरी आल्या आल्या पाय मोकळे झाले होते.

"चौथ्यांदा झालं," प्रणिता म्हणाली. ओठ कोरडे पडले होते. "पहिल्यांदा वाटलं, भीती असेल. पण भीतीनं पाय कापतात. हे तसं नाही. कुणीतरी घोटे धरतंय, आत्या. तिथंच. अलीकडं नाही, पलीकडं नाही."

कस्तुरानं पदर तोंडाला लावला. "बांधलेत कुणीतरी हिचे पाय. बाहेरचं आहे हे."

आणि नीलव्वा खुर्चीतून उठली. चुलीजवळ गेली, मूठभर मीठ घेतलं, सात लाल मिरच्या घेतल्या, आणि सुनेच्या डोक्यापासून पायापर्यंत तीनदा उतरवलं. "ज्या कुणी माझ्या पोरीचे पाय बांधले," ती मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "त्याच्या पोटऱ्यांना आग लागो." मिरच्या निखाऱ्यात टाकल्या. तडतडल्या, पण ठसका कुणालाच लागला नाही. बायकांनी एकमेकींकडं बघितलं. दृष्ट लागलेली असली की ठसका लागत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

नीलव्वा खुर्चीत परतली तेव्हा तिला पोटऱ्यांत खरोखरच भाजल्यासारखं झालं. गोळ्यांचा उरलेला त्रास असेल. पण तिनं उजवी पोटरी हातात धरली, आणि तशीच धरून बसली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई स्वतः घरी आल्या. दोघींच्या पोटऱ्यांवर यंत्र फिरवलं, मग हातातल्या काचेवर काहीतरी बराच वेळ वाचत राहिल्या.

"दुहेरी कुणी लिहिलं?"

"मी," नीलव्वा म्हणाली.

"बसलेल्या माणसाच्या नसेतून एरवी फारसं काही उतरत नाही, म्हणून आजवर जाणवलं नाही. पण 'थांब' हाही हुकूमच असतो. पाऊल उचलायच्या हुकुमाइतकाच जोरदार. काल दुपारी तीन वाजता यांची नस म्हणत होती चल, आणि तुमची म्हणत होती थांब. स्नायूनं दोघींचं ऐकलं. म्हणून तो दगड झाला." त्यांनी चष्मा काढला. "आधीच्या तीन वेळाही तेच आहे."

प्रणितानं सासूकडं बघितलं. त्या बघण्यात राग असता तर नीलव्वाला पेलला असता. ती अशी बघत होती, जसं घरात वर्षानुवर्षं असलेली एखादी वस्तू पहिल्यांदाच हललेली दिसावी.

"तोडून टाक धागा," नीलव्वा म्हणाली.

"एकदम नाही तोडता येत. आठ महिने दोघींच्या नसा एकमेकींचं ऐकत आल्यात. झटक्यात तोडलं तर पाऊल महिनामहिना उचलत नाही, दोघींचंही. रोज थोडा थोडा आवाज कमी करायचा. तीन महिने लागतील." डॉक्टरबाई पिशवी आवरून उठल्या. "तोवर, यांना जिथं जायचंय तिथं तुम्ही मनापासून जाऊ दिलंत, तरच जाता येईल."

त्या गेल्या. नीलव्वा सुनेकडं वळली.

"कुठं जायचंय?" नीलव्वानं विचारलं.

"कलबुर्गीला. माझ्या वर्गातल्या सावित्रीनं ज्वारीच्या पोह्यांचा कारखाना काढलाय. कामावर बोलावलंय. मंगळवारपासून."

"कोण आहे तिथं?"

"कुणी नाही, आत्या. तेच तर."

"खोलीबिली?"

"आहे. एकटीची."

"आणि मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं," प्रणिता म्हणाली, "तर तुम्ही नाही म्हणाला असता, आणि मी राहिले असते. म्हणून पायांनाच सांगत होते रोज. सवय व्हावी म्हणून."

नीलव्वानं मान ताठ केली. "मी काय राक्षसीण आहे? जा. मी म्हणतेय ना, जा."

प्रणिता उठली, दारापर्यंत गेली, बाहेर पडली. नीलव्वा खुर्चीत बसून जपासारखं म्हणत राहिली: जा, जा, जा. तोंडानं म्हटलं, मनात म्हटलं, राजशेखरच्या फोटोकडं बघून म्हटलं. टाकी गेली. पूल गेला. शेवटची पायरी उतरली, आणि नीलव्वाच्या डोळ्यांपुढं काय आलं? रिकामा पाट आला. पट्टीवरचा आकडा आला. रात्रीचं एकच ताट आलं. तिनं डोळे मिटून 'जा' म्हटलं आणि पोटऱ्या दगड झाल्या.

अर्ध्या तासानं प्रणिता परत आली, काठवटीपाशी बसली आणि पीठ मळायला घेतलं. नीलव्वानं जन्मभर तोंडाच्या बळावर माणसं वाकवली होती. आता अंगातच एक अवयव असा होता, जो तिचं तोंड मानत नव्हता.

शुक्रवारी तेच. शनिवारी प्रणिता उठलीच नाही. बसूनही कुठं गेली नाही. अख्खा दिवस नीलव्वाच्या पोटऱ्यांत काहीही हललं नाही; जणू समोर बसलेल्या बाईत आता जाणारं कुणी उरलं नव्हतं. हेच तर हवं होतं. संध्याकाळी मनगटावरची पट्टी पिवळी झाली, साखर चढल्याची खूण. पण नीलव्वाला भीती वाटली ती पट्टीची नव्हती. तिनं सुनेला हाक मारली तेव्हा प्रणितानं "हो आत्या" म्हटलं, आणि तो आवाज अगदी तिच्या स्वतःच्या आवाजासारखा होता. बसलेल्या बाईचा.

सोमवारी सकाळी दहा वाजता नीलव्वानं जरीकाठाचं लुगडं नेसलं, खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पिशवी घे."

"आत्या, पुन्हा नको."

"पिशवी घे म्हणते ना. बसल्या जागी माझं मन खोटं बोलतंय. चालताना त्याला जमणार नाही. चालणारीला थांब म्हणायची सवड नसते, हे मला पाटीच्या दिवसांपासून ठाऊक आहे."

आणि गल्लीनं बघितलं. वीस वर्षं जिला कुणी उंबऱ्याबाहेर पायी बघितलं नव्हतं ती नीलव्वा, दोन्ही बाजूंना डुलत, घोरल्यासारखा श्वास टाकत, रस्त्याच्या कडेनं चालली होती. मेडिकलवाला बाहेर आला. भाजीवालीनं तराजू खाली ठेवला.

"काय बघताय?" नीलव्वा म्हणाली. "रथ निघाला म्हणायचं आणि हात जोडायचे."

टाकीपाशी ती थांबली, धापा टाकल्या. प्रणिताही थांबली, तिला थांबावंच लागलं. पुलाच्या पायऱ्यांवर गुडघ्यांनी दगा दिला. तेव्हा मात्र प्रणितानं दंड धरला नाही, ती नुसती पुढच्या पायरीवर चढली, आणि तो चढ नीलव्वाच्या पोटरीत आला, तयार, उचललेला. मग नीलव्वा एक पायरी चढली, आणि तिचा जोर प्रणितात गेला. एकीचं पाऊल दुसरीला उचलत होतं. कुणाचं कुणाला, ते विसाव्या पायरीनंतर सांगता येईना. नीलव्वाच्या मनात येऊन गेलं की आपण दोन नाही, चार पायांचं एक जनावर पूल चढतंय. आणि अंगावर काटा आला.

फाटक आलं. प्रणिताचे पाय अडले. नीलव्वाला ते स्वतःच्या घोट्यांत कळलं. छातीतून तो शब्द वर येत होता, तिच्या परवानगीशिवाय, ढेकरेसारखा. तिनं त्याला उत्तर दिलं नाही. ती सुनेला ओलांडून पुढं झाली आणि फाटकातून आत गेली. एक पाऊल. आणखी एक. मागं वळून बघितलं नाही, कारण वळायचं तर थांबावं लागलं असतं. पाठीमागं चप्पल घासल्याचा आवाज आला. मग पावलांचा.

कलबुर्गीची गाडी लागलेलीच होती. प्रणिता खिडकीशी बसली.

"औषधं वेळेवर घ्या," ती म्हणाली. "आणि दुपारी दोनला गाडी पोचते. तिथनं खोलीपर्यंत चालत जायचंय मला."

"कळलं," नीलव्वा म्हणाली.

"बसू नका त्या वेळी."

"कळलं म्हटलं ना."

गाडी हलली. नीलव्वा रिक्षानं घरी आली, पाणी प्यायली. दोनला पाच मिनिटं असताना ती उठून शेडच्या मधोमध उभी राहिली आणि चुलींच्या दोन रांगांमधून चालू लागली. या टोकाला, त्या टोकाला. बायका थापायच्या थांबल्या.

थोड्या वेळानं ते आलं. आधी गाडीची पायरी, उतरती. मग एक चढ, जो तिच्या ओळखीचा नव्हता. मग उजवीकडं वळण. ज्या गावात ती कधी गेली नव्हती, त्या गावाचे रस्ते तिच्या पोटऱ्यांत उलगडत होते. कुठं खड्डा, कुठं पायरी. पावलं लांब पडत होती, पूर्वी गिरणी आली की पडत तशी. नीलव्वा त्या मापानं चालायला बघत होती आणि तिचा ऊर फुटायला आला होता. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला. तिला काही दिसेना.

कस्तुरानं खुर्ची ओढून पुढं आणली. "अव्वा, बसा आता. तोंड काळंनिळं पडलंय. एक क्षण टेका."

नीलव्वानं खुर्चीच्या पाठीला हात लावला. लाकूड गार होतं. पोटऱ्यांत पाऊल एकदम आखूड झालं, मग भरभर, मग क्षणभर थबकलं, जसं डावीकडं-उजवीकडं बघताना थबकतं, आणि पुन्हा निघालं. तिनं खुर्ची बाजूला सारली.

"आत्ता नको," ती म्हणाली आणि चालत राहिली. "ती रस्त्याच्या मधोमध आहे."